चौथी झोप

साहेबरावानं फोन आईच्या डोळ्यांपुढं धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. सोनूबाईला वाचता येत नव्हतं, पण कागद सरकारी आहे हे शिक्क्यावरून कळत होतं, आणि त्यावर चिकटवलेल्या छायाचित्रातली बाई ओळखायला काही शाळेत जावं लागत नाही. अंगावर सोनूबाईनंच दिवाळीला घेऊन दिलेली जांभळी साडी होती. ती तिची धाकटी सून, शालू. शेजारच्या छायाचित्रातला माणूसही परका नव्हता. दर दोन महिन्यांनी बदनापूरहून रेशमाच्या अळ्या घेऊन येणारा राजानंद.

"जालन्याच्या कचेरीत फळ्यावर लागलंय," साहेबराव म्हणाला. "लग्नाची नोटीस हाय. तीस दिवस लावून ठेवतात, कुणाला हरकत घ्यायची आसंल तर. वळखीच्या माणसानं धाडलं म्हणून कळलं. काल तीस दिवस झाले."

सोनूबाई ज्वारी निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"मंग तू काय करणार?"

"समजावून सांगणार. आपल्या घरची बाई हाय ती."

साहेबरावाचा आवाज चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याचा बाप ताटं भिरकावायचा आणि संध्याकाळी त्याच ताटात जेवायला बसायचा. थोरल्या लेकाचं तसं नव्हतं. मारका बैल बाजारात न्यायच्या दिवशी त्यानं त्याला स्वतःच्या हातानं गूळ चारला होता, मानेवरून हात फिरवत, लेकरासारखा. बैल शेपूट हलवत टेम्पोत चढला. आज त्याच मऊ आवाजात तो आईला सांगत होता, की त्याला फक्त दिवस पाहिजे. शालू कोणत्या दिवशी जालन्याला जाणार तेवढं कळलं की बस.

"मला काय ठावं?" सोनूबाई म्हणाली.

"तुलाच ठावं आसंल. ती अळ्या उपाशी ठेवून जायची न्हाई. तिला मी बराबर वळखतो. अळ्या झोपल्या की जाईल. कधी झोपतात तेवढं मला सांग, माय."

फोन खिशात टाकून तो गेला. जाताना दारातल्या शेळीचं दावं सुटलेलं होतं ते त्यानं नीट बांधलं.

सोनूबाईला शालूचा राग आला. आधी रागच आला, हे लपवण्यात काही अर्थ नाही. कल्याण, तिचा धाकटा, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला त्याला सहा वर्षं झाली होती. शालू तेव्हा अठ्ठावीसची होती, मूलबाळ नव्हतं. माहेरी न जाता ती इथंच राहिली. कल्याणच्या नावच्या शेतात तिनं तुती लावली, शेड उभी केली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला लागली. गावानं तिला डोक्यावर घेतलं. हळदी-कुंकवाला तिला कुणी बोलावत नसे, पण सून असावी तर शालूसारखी, असं त्याच हळदी-कुंकवात बायका एकमेकींना सांगत. नवऱ्याच्या नावानं बसून राहिली, कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही. हे ऐकताना सोनूबाईची छाती फुगायची. आता ती मान वर करून पाहत होती, आणि तेही कुणाकडं, तर ज्याला चहा द्यायला सोनूबाईनं ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा स्टीलचा ग्लास पालथा घालून ठेवला होता त्याच्याकडं. तो ग्लास शालूनं कधीच उचलून शेडमध्ये नेला होता. सोनूबाईनं तेव्हा ते मनावर घेतलं नव्हतं. आता सगळं तिच्या ध्यानात आलं.

साहेबरावाचं म्हणणं मात्र खरं होतं. शेडमधल्या अळ्या वाढताना चार वेळा कात टाकतात. कात टाकण्याआधी खाणं सोडून, डोकं वर करून, दिवसभर निपचित पडून राहतात. शालू त्याला झोप म्हणायची. पहिल्या दोन झोपा राजानंदाकडंच व्हायच्या आणि मग तो अळ्या घेऊन यायचा. तिसरी झोप गेल्या आठवड्यात झाली. चौथी राहिली होती. एरवी शालूला दिवसातून तीनदा पाला टाकावा लागे, घरात मयत झाली तरी तिला हलता येत नसे. तेवढा झोपेचा एक दिवस तिचा स्वतःचा. राजानंदानंच या अळ्या वाढवलेल्या, त्यामुळं तो दिवस त्यालाही ठाऊक होता. दोघांना एकमेकांना फोन करायचीसुद्धा गरज नव्हती. आणि ते बरंच होतं, कारण शालूचा फोन तीन दिवसांपासून साहेबरावाकडं होता. माझा बिघडलाय, दोन दिवस वापरतो, असं म्हणून त्यानं तो मागून नेला होता.

त्याच दुपारी साहेबरावाचे दोन मेहुणे जीप घेऊन आले. कशाला आले ते कुणी सांगितलं नाही. शालूनं त्यांना भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. त्यांनी जेवणाची तारीफ केली, शेडची चौकशी केली, एवढी मेहनत बाईमाणसाला झेपते कशी म्हणून नवल केलं. रोज सकाळी उठून ते जीप फाट्यावरच्या लिंबाखाली नेऊन उभी करत. जालन्याला जाणारी प्रत्येक काळीपिवळी तिथंच थांबते.

मंगळवारी सकाळी तुतीकडं जाताना सोनूबाईला दिसलं, की विहीर उघडी आहे. कल्याण गेला तेव्हापासून ती विहीर कुणी वापरत नव्हतं. जनावर पडू नये म्हणून तोंडावर जाड फळ्या टाकलेल्या होत्या, त्यांच्यावर गवत वाढलं होतं. त्या फळ्या आता बाजूला नीट एकावर एक रचून ठेवल्या होत्या. फळ्या कशाला काढल्या, म्हणून तिनं साहेबरावाला विचारलं.

"पावण्यांना पाणी बघायचं व्हतं," तो म्हणाला. "किती हाय म्हणून."

त्या दिवशी सोनूबाईला गिरणीवाल्या चतुराबाईची पोर आठवली. खरं तर ती रोजच आठवायची. चार वर्षांपूर्वी सोनूबाईनं तिला बदनापूरच्या स्टँडवर एका पोराबरोबर उसाचा रस पिताना पाहिलं होतं. पोर खळखळून हसत होती. गिरणीत दळण ठेवताना सोनूबाईनं ते चतुराबाईला सहज सांगितलं, मनात काही नसताना, पोरी किती जल्दी मोठ्या होतात या बोलण्यात. आठ दिवसांनी पोरीला ताप आला म्हणे. सकाळी नऊ वाजायच्या आत सरण विझलंसुद्धा. तापानं माणूस एका रात्रीत जातं का, असं कुणी विचारलं नाही. सगळं गाव तेराव्याला जेवलं, सोनूबाईही जेवली. पंगतीत बुंदी होती. तेव्हापासून तिनं बुंदीला हात लावला नाही, आणि का लावत नाही हेही तिला कुणी विचारलं नाही.

त्या रात्री तिनं मिसरीचा डबा फडताळात मागं सारून ठेवला. चाळीस वर्षांची सवय होती. तंबाखूचा नुसता वास लागला तरी अळ्या मरतात, म्हणून शालूनं तिला शेडच्या आत कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं. दारात चुन्याचा पट्टा होता. त्याच्या अलीकडं चपला काढायच्या, पाण्यात हात-पाय बुडवायचे, मगच आत. साहेबरावाच्या गालात तर चोवीस तास तंबाखू, त्यामुळं तोही चुन्याच्या पलीकडं कधी गेला नव्हता. बुधवारी सकाळी सोनूबाईचं डोकं ठणकत होतं आणि हिरड्या ओढत होत्या. तिनं चुलीतल्या राखेनं दात घासले आणि विळा घेऊन शालूच्या मागोमाग तुतीत गेली.

कापता कापता ती विचारत राहिली. फांद्या आडव्या टाकायच्या की उभ्या. उठल्यावर पहिला पाला कधी टाकायचा. किती. शालू उत्तरं देत होती, पण तुटक. सासू अचानक शेडचं काम शिकायला निघाली म्हणजे शेड आपल्या हातून जाणार, असं तिला वाटत असणार. तिनं दोनदा सासूच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"झोपल्या की तुला काय काम आसतं?" सोनूबाईनं विचारलं.

शालूचा विळा फांदीवर थांबला.

"काही न्हाई. जालन्याला जाऊन येणार. चुना संपलाय."

तिच्या पाठीमागं, शेडच्या भिंतीला टेकून, चुन्याचं न उसवलेलं पोतं उभं होतं. दोघींनीही त्याच्याकडं पाहिलं. मग सोनूबाईनं भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि ती शेडच्या दारापर्यंत गेली. हिरव्या जाळीतून आत पाहिलं. निम्म्याहून जास्त अळ्यांनी पाला सोडला होता. अंगं फुगून चकचकीत झाली होती, डोकी वर उचललेली होती. सकाळपर्यंत सगळ्याच झोपणार होत्या.

दिवेलागणीला साहेबराव आईजवळ येऊन बसला. तिच्यासाठी त्यानं पेरू आणले होते. एक कापून त्यानं तिच्या हातात दिला, बिया काढून, कारण तिला चावत नसत.

"कधी?"

तिनं पेरूची फोड तोंडात ठेवली. चावायला वेळ लावला.

"परवा," ती म्हणाली. "शुक्रवारी."

"नक्की?"

"मी आजच बघून आले. अजून खाऊन राह्यल्या."

त्यानं मान डोलावली. आई कधी खोटं बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, म्हणून तिनं लगेच दुसरी फोड उचलली.

गुरुवारी उजाडायच्या सुमाराला शालू न्हाणीतून बाहेर आली. जांभळी साडी नव्हे, रोजचीच कामाची साडी. हातात पाला आणायची गोणी होती, पण गोणीच्या तळाशी काहीतरी घडी करून ठेवलेलं होतं. सोनूबाई शेडच्या दारात बसलेली पाहून ती जागच्या जागी थिजली.

"फाट्यानं जाऊ नको," सोनूबाई म्हणाली. "ओढ्याओढ्यानं ठेसनावर जा. फाट्यावर जीप हाय."

शालूच्या तोंडावरचा रंग उडाला. मग तिनं खाली बसून गोणी मांडीवर घेतली. राजानंदाची बहीण ज्योत्स्ना स्टेशनावर कागदपत्रं घेऊन थांबणार होती, चार माणसंही बरोबर असणार होती, हे तिनं हळूच सांगितलं. अळ्या उठायच्या आत ती परत येणार होती. लग्न झाल्यावरही पंधरा दिवस इथंच राहून कोष उतरवून द्यायचे, मगच जायचं, असं तिनं ठरवलं होतं. सगळं नीट करून, कुणापासून तोंड न चुकवता. सोनूबाईला क्षणभर हसू आलं आणि मग रडू आलं. एवढी हुशार बाई, आणि तिला अजून वाटत होतं की काम पुरं केलं तर माणसं माफ करतात.

"परत येऊ नको."

"पाला कोण टाकंल, आत्याबाई?"

"मी टाकते. मिसरी सोडलीया."

शालू तिच्याकडं पाहत राहिली. सासूच्या सुजलेल्या हिरड्या, राखेनं काळपटलेले ओठ, कालचे ते प्रश्न. तिचा हात आपोआप सोनूबाईच्या पायाकडं गेला, पण सोनूबाईनं तो मधेच धरला.

"मला हे पटलेलं न्हाई, शालू. ध्यानात ठेव. मरूस्तोवर पटायचं न्हाई." तिनं शालूच्या पायांकडं पाहिलं. "चपला काढ."

शालूला आधी उमगलं नाही. मग उमगलं. शेडच्या दारात तिच्या निळ्या पट्ट्याच्या स्लीपर दिसल्या म्हणजे ती आत आहे, हे घरातल्या लहान-थोर सगळ्यांना माहीत होतं. तिनं स्लीपर चुन्याच्या पट्ट्याअलीकडं काढून ठेवल्या, रोज ठेवायची तशाच, एक सरळ, एक थोडी तिरकी. सोनूबाईनं आपल्या चामडी चपला तिच्यापुढं सरकवल्या. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो तांब्याच्या तारेनं बांधलेला होता.

"तार टोचती," ती म्हणाली. "जपून चाल."

शालू ओढ्याच्या बाजूनं गेली. सोनूबाईनं तिला जाताना पाहिलं नाही, कारण तिला दोन भारे पाला कापायचा होता. त्या दिवशी तो कुणीही खाणार नव्हतं. तरी शालूचं कामाचं फडकं डोक्याला बांधून, तोंड झाकून, तिनं तो अंधुक उजेडात कापून आणला, हात-पाय बुडवले आणि आयुष्यात पहिल्यांदा शेडच्या आत पाऊल टाकलं.

आत अशी शांतता होती की तिला भीती वाटली. हजारो जीव होते, पण एकाचीही हालचाल नव्हती. एरवी अळ्या खायला लागल्या की शेडबाहेर बसलेल्या माणसालाही पाल्याची कुरकुर ऐकू यायची. आज ती ऐकू आली नाही तर साहेबरावाच्या ध्यानात येणार. म्हणून तिनं भारा सोडला आणि जाळीजवळ बसून पाल्यात हात घालून सळसळ करत राहिली. थांबायची, दम घ्यायची, पुन्हा करायची. तहान लागली तेव्हा कोपऱ्यातल्या घागरीजवळ एकच भांडं होतं, तो स्टीलचा ग्लास. ती त्यातूनच पाणी प्यायली.

दहाच्या सुमाराला साहेबराव बाजेवर येऊन बसला. जाळीतून त्याची पाठ दिसत होती. त्याला चहा मिळाला नव्हता, तरी त्यानं मागितला नाही. थोड्या वेळानं धाकटा मेहुणा फाट्यावरून पायी आला, शेडच्या दाराशी थांबला आणि शालूताई म्हणून त्यानं हाक मारली. तिनं जोरात पाला हलवला.

"ऱ्हाऊ दे," साहेबराव बाजेवरून म्हणाला, त्याच मऊ आवाजात. "आज काम करू दे तिला. उद्या बोलू."

मेहुणा बाजेवर टेकला. दोघं पावसाबद्दल बोलले, कापसाच्या बोंडअळीबद्दल बोलले. मेहुण्यानं विहिरीत पाणी पुरेसं आहे म्हणून सांगितलं. सोनूबाईनं पदर तोंडात कोंबला. गिरणीत उभी असलेली चतुराबाई तिला समोर दिसत होती, पिठानं पांढरी झालेली, लेकीचं नाव निघालं म्हणून कौतुकानं हसणारी.

ऊन डोक्यावर आलं. एक वाजला असेल तेव्हा साहेबरावाचा फोन वाजला. तो उभा राहून ऐकत होता. मधे एकदा "सह्या कधी झाल्या?" म्हणाला, एकदा "किती जण व्हते?" म्हणाला, आणि शेवटी "बरं," म्हणून त्यानं फोन खिशात टाकला. मेहुण्यानं विचारलं तेव्हा तो निघालाच होता. चालत शेडच्या दाराशी आला. चुन्याच्या पट्ट्याशी थांबला आणि खाली ठेवलेल्या निळ्या स्लीपरांकडं पाहत राहिला. मग त्यानं ओट्याकडं पाहिलं, जिथं आईच्या चपला असायच्या, आणि पुन्हा स्लीपरांकडं.

"माय," तो जाळीकडं तोंड करून म्हणाला. "तुझ्या चपला कुठायत?"

सोनूबाई उठली. बसून बसून गुडघे आखडले होते, तिला उभं राहायला वेळ लागला. जाळी बाजूला करून ती दारात आली. डोक्यावर शालूचं फडकं तसंच होतं.

"तू शुक्रवार म्हणली व्हतीस," साहेबराव म्हणाला.

"व्हय."

"मला खोटं सांगितलंस."

"मागच्या बारीला मी खरं सांगितलं व्हतं, साहेबा. चतुराबाईला."

त्याच्या गालातली तंबाखू हलायची थांबली होती. सोनूबाईनं वाकून शालूच्या स्लीपर पायांत घातल्या. त्या तिला मोठ्या होत्या, चालताना टाचा मागं सरकत होत्या. उद्या सकाळी अळ्या उठल्या की त्यांना भूक लागणार होती आणि ताजा कोवळा पाला आजच बघून ठेवायला हवा होता. तिनं विळा घेतला आणि ती तुतीकडं निघाली.

वाट विहिरीवरून होती. फळ्या अजून बाजूलाच रचलेल्या होत्या. मागं स्लीपरांचा नव्हे, दुसरा कसला तरी आवाज येत होता, पण तो पावलांचा आहे की नाही हे पाहायला ती वळली नाही.